सात दिवसांचे दादा-ताई

डिसेंबर लागला की कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रासेयोच्या विशेष श्रमसंस्कार शिबिराची यादी पडते. मग कोणाचा गट कोणता, भात कोण रांधणार, ब्लूटूथ स्पीकर कोण आणणार, यावर दोन दिवस नुसता धुरळा. पुढच्या आठवड्यात स्टेटसवर फोटो येऊ लागतात. झेडपीच्या शाळेची पोरं, त्यांच्या गळ्यात हात टाकलेले आपले मित्र-मैत्रिणी, खाली 'बेस्ट सेव्हन डेज एव्हर'. समारोपाच्या दिवशी पोरं रडतात, ताई रडतात, गॉगलवाले दादासुद्धा डोळे पुसतात आणि त्याची वेगळी रील होते. गाडी सुटताना खिडकीशी आलेलं एखादं पोरगं विचारतं, "भैया, वापस कब आओगे?" भैया म्हणतात, "जल्दी."

हे 'जल्दी' म्हणजे कधी, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आधी एक सांगते. रासेयोला नावं ठेवायला मी बसलेली नाही. मी स्वतः दोन शिबिरं केली आहेत, आणि आमच्या बॅचमधल्या कित्येक मुलींना घराबाहेर सात रात्री राहायची परवानगी आयुष्यात पहिल्यांदा त्या शिबिरामुळेच मिळाली. गोंदियात वाढलेल्या मुलाला सालेकसा तालुक्यातल्या गावात संध्याकाळी सातनंतर किती अंधार असतो, हेही तिथेच कळतं. योजनाही काही कालची नाही. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. हिशेबही साधा आहे : दोन वर्षांत २४० तास काम, म्हणजे वर्षाला १२० तास, आणि त्याशिवाय एक सात दिवसांचं शिबिर. गाव 'दत्तक' घ्यायचं, वर्षभर तिथे जात राहायचं, आणि शिबिर हा त्या वर्षभराच्या कामातला एक मोठा टप्पा.

आता तुमच्या ओळखीच्या कोणत्याही स्वयंसेवकाला विचारून बघा. त्याला शिबिर आठवेल, शेकोटी आठवेल, शोषखड्डा खणताना हाताला आलेला फोड आठवेल. ते १२० तास कुठे गेले, हे विचारलंत की तो हसेल. मी केलेली दोन शिबिरं दोन वेगळ्या गावांत झाली. पहिल्या गावातल्या पोरांना दुसऱ्या वर्षी कोण भेटलं, ते मला माहीत नाही. बहुधा कोणीच नाही.

आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे यात क्रेडिटची भर पडली आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात रासेयो सहशालेय विषय म्हणून घेता येते, शिवाय कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट नावाचा प्रकारही आला आहे. म्हणजे आतापर्यंत हौस आणि सर्टिफिकेट यांसाठी गावात जाणाऱ्यांत आता मार्कांसाठी जाणाऱ्यांची भर पडेल. गर्दी वाढणार. आणि ही गर्दी जाणार कुठे? जिथे आपलं स्वागत सगळ्यात लवकर होतं तिथे, म्हणजे लहान मुलांमध्ये. ग्रामपंचायतीत गेलं तर सरपंच प्रश्न विचारतात, बचत गटाच्या बाया हिशेब विचारतात. पोरं काही विचारत नाहीत, सरळ कडेवर येऊन बसतात.

हे फक्त आपल्याकडे चालतं असं समजू नका. याच गोष्टीची मोठी, डॉलरमधली आवृत्ती बघायची असेल तर आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाकडे बघा. अमेरिकेतल्या, युरोपातल्या चर्चचे तरुण गट दरवर्षी सुट्टीत दक्षिण आफ्रिका, झांबिया, मलावी अशा देशांत दोन-तीन आठवड्यांच्या 'मिशन ट्रिप'वर जातात. चर्चबाहेरच्या कंपन्याही तेच पॅकेज विकतात : थोडी सफारी, थोडी सेवा. काम काय, तर अनाथालयात जाऊन मुलांशी खेळायचं, गाणी शिकवायची, भिंती रंगवायच्या. जाणारी मुलं-मुली साधारण आपल्याच वयाची, आपल्याइतकीच चांगल्या मनाची. त्यांच्या फोटोंत आणि आपल्या शिबिराच्या फोटोंत फरक शोधायला गेलात तर फार तर टोपीचा सापडेल.

तिथल्याच संशोधकांनी याकडे जरा नीट बघितलं. लिंडा रिक्टर आणि ॲमी नॉर्मन यांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध लिहिला आणि या प्रकाराला 'एड्स ऑर्फन टूरिझम' असं नाव दिलं. मुद्दा असा : आईवडिलांपासून तुटलेलं लहान मूल आधीच आधार शोधत असतं. नवीन माणूस आलं की ते पटकन चिकटतं. बघणाऱ्याला वाटतं, किती प्रेमळ आहे! पण अनोळखी माणसाला पाच मिनिटांत मिठी मारणारं मूल हे प्रेमळ असण्यापेक्षा उपाशी असण्याची शक्यता जास्त, माणसासाठी उपाशी. दोन आठवड्यांनी तो दादा जातो. मग दुसरा येतो, तोही जातो. प्रत्येक वेळी मुलाला तेच शिकायला मिळतं, की आपल्याजवळ येणारं माणूस जातं. गंमत म्हणजे एड्समुळे आईबाप गमावलेली आफ्रिकेतली बहुतांश मुलं अनाथालयात नव्हतीच. ती आजीकडे, मावशीकडे, काकाकडे वाढत होती. त्या आजीला महिन्याचे चार पैसे मिळाले असते तर बरंच काही झालं असतं. पण आजीच्या झोपडीत पंधरा जणांची टीम उतरवता येत नाही, म्हणून पैसा इमारतीकडे गेला.

कंबोडियात तर ही गोष्ट आकड्यांतच सापडली. तिथल्या अनाथालयांबद्दल युनिसेफच्या मदतीने २०११ मध्ये अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की आत राहणाऱ्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील जिवंत आहेत. गरीब घरांनी शिक्षण-जेवण मिळेल या आशेने मुलं पाठवली होती, आणि परदेशी पाहुण्यांच्या देणग्या येत असल्याने अनाथालयं वाढत चालली होती. मागणी तसा पुरवठा, हे बी.कॉम.वाल्यांना वेगळं सांगायला नको. ऑस्ट्रेलियातून या भागात तरुण मोठ्या संख्येने जात. तिथल्या संसदीय समितीने २०१७ च्या अहवालात 'अनाथालयांसाठी होणारी मुलांची तस्करी' हा शब्दच वापरला. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९ च्या डिसेंबरमध्ये मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथालयातल्या स्वयंसेवेचा धोका नोंदवला.

या सगळ्यावर नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये एक भारी व्हिडिओ केला होता, यूट्यूबवर अजून सापडेल. त्यात आफ्रिकेतले तरुण थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी गाणं म्हणत खोली गरम करायचे रेडिएटर गोळा करतात. बघून हसू येतं, आणि मग एकदम वाटतं, आपल्याबद्दल असा व्हिडिओ देवरीच्या पोरांनी केला तर? गोंदिया शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, धुळीत, राइस मिलच्या तुसात जगणाऱ्या बिचाऱ्या कॉलेजकुमारांसाठी जंगलातली स्वच्छ हवा गोळा करणारी पोरं. मी तर शेअर करेन.

यात धर्माचा प्रश्न फार मोठा आहे असं मला वाटत नाही. मिशन ट्रिप म्हटलं की आपल्याकडे चर्चा लगेच धर्मांतरावर जाते आणि मग मूल बाजूला राहतं. आपल्याकडे चर्चऐवजी मंडळ असतं, क्लब असतो, पक्षाची युवा आघाडी असते, नेत्याचा वाढदिवस असतो. बालगृहात केक कापायला जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक आहेत, इथे आपली एकात्मता अगदी पक्की आहे.

उलट, मिशनऱ्यांच्याच जुन्या गोष्टी काढल्या तर आजच्या दोन आठवडेवाल्यांना लाज वाटावी. सिंथिया फरार नावाची अमेरिकन बाई १८२७ च्या डिसेंबरात जहाजाने मुंबईत उतरली. मुंबईत आणि मग अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मुलींच्या शाळांमध्ये ती काम करत राहिली, आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. चौतीस वर्षं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं त्यात नगरची फरारबाईंची शाळा होती. त्या बाईंच्या धर्माबद्दल, हेतूबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणा. पण मूल 'परत कधी येणार' असं त्यांना विचारत बसलं नसतं, कारण त्या शेवटपर्यंत इथल्याच राहिल्या.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण तर आपल्या आणखी जवळचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. तेव्हा आपला हा भाग भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रांतात होता. स्वतःचे आईवडील उपासमारीत गेलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना त्या सोबत घेऊन गेल्या आणि केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. त्यावरही टीका झाली, वाद झाले, धर्माचे आरोप झाले, आणि ते सगळेच चूक होते असंही नाही. पण नेलेल्या मुलीला वाचायला शिकवायचं, हाताला काम द्यायचं, आजारी पडली तर उशाशी बसायचं, ही जबाबदारी १९२२ मध्ये मरेपर्यंत त्यांनी सोडली नाही. ती संस्था आजही केडगावला चालू आहे.

या दोघींच्या कामात एक गोष्ट आपल्या शिबिरात सहसा नसते : भाषा. फरारबाई मराठी शिकल्या. आपण सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावांत जातो तेव्हा काय बोलतो? गोंदियाचा मामला मजेशीर आहे. बाजारात हिंदी, कोणाच्या घरी पोवारी, कोणाकडे झाडीबोली, सीमेकडे छत्तीसगढी, पेपरात मराठी. एवढं सगळं येणाऱ्या आपल्याला गोंडीचं एक वाक्य येत नाही, आणि आपण ज्या पहिली-दुसरीच्या मुलांना 'शिकवायला' जातो त्यांतल्या कित्येकांच्या घरात तीच बोलतात. मूल गप्प बसलं की आपण लिहितो, 'मुलं लाजाळू आहेत'. अरे, लाजाळू कसली! तुम्हाला झांबियात नेऊन बेंबा भाषेत सूर्यमाला शिकवली तर तुम्हीही लाजाळूच दिसाल.

आता माझ्या कामातली गोष्ट. इंटर्न म्हणून माझ्याकडे तालुक्यांतून येणाऱ्या प्रेसनोट नीट करायचं काम असतं. जून-जुलैत सगळ्यात जास्त कशाच्या येतात? शालेय साहित्य वाटपाच्या. सोबतच्या फोटोत एक दप्तर असतं, त्याला बारा-पंधरा मोठ्या माणसांचे हात लागलेले असतात, आणि मधोमध एक मूल असतं ज्याचा चेहरा दप्तरामागे गेलेला असतो. नोटमध्ये सर्व मान्यवरांची नावं हुद्द्यांसह असतात. मुलाला दप्तर हवं होतं की चप्पल, ते नसतं. आणि यातल्या बऱ्याच नोट सोशल मीडियासाठी मोबाइलवर आधीच फिरून आलेल्या असतात.

बालगृहाच्या बाबतीत तर हा नुसता अभिरुचीचा प्रश्न राहत नाही. बालगृहातलं मूल तिथे सहसा बाल कल्याण समितीपुढच्या चौकशीतून आलेलं असतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ सांगतं की अशा चौकशीतल्या, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा फोटो माध्यमांतून उघड करायचा नाही. त्यात वर्तमानपत्रं आहेत, दृकश्राव्य माध्यमं आहेत आणि संपर्काचे इतर प्रकारही आहेत. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या मित्राच्या वाढदिवसाची ती रील, मागे संस्थेची पाटी आणि पुढे केक भरवलेली मुलं, आठवली का? पत्रकारितेच्या वर्गात हे कलम आम्हाला शिकवतात. खरं तर ते शिबिराच्या पहिल्या बौद्धिक सत्रात शिकवायला हवं, योगासनांच्या आधी.

आणि कायदा बाजूला ठेवा. तुमच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट वर्षी कोणी अनोळखी माणसाने तुमच्यासोबत फोटो काढून 'ब्लेस्ड' असं लिहून टाकला असता तर? ते मूल मोठं होणार आहे. उद्या ते तुमच्याच कॉलेजात ॲडमिशन घेणार आहे.

इथे मला नेहमी एक उत्तर मिळतं : "काहीच न करण्यापेक्षा हे बरं ना?" हे वाक्य इतकं गोड आहे की त्यावर वाद घालणारा माणूस आपोआप वाईट ठरतो. पण ते खरं असायला एक अट आहे. आपण केलेल्या कामाचा खर्च मुलावर पडता कामा नये. शाळेतल्या एका शिक्षकांनी मला जे सांगितलं ते मला पटलं. पाहुणे आले की दोन तास जातात, त्याआधी स्वागतगीत बसवायला दोन दिवस जातात, आणि पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोरं अभ्यासाला बसत नाहीत. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग सांभाळणाऱ्या माणसाने आपला हसून सत्कार केला म्हणून आपली मदत झाली, असा अर्थ होत नाही.

दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक असतं : "आम्हाला शिकायला मिळतं." मान्य. शिबिरात विद्यार्थी शिकतो, हा तर रासेयोचा उद्देशच आहे. मग शिकायला जाऊ या, शिकवायला आलोय असा आव नको. शिकायला गेलेला माणूस वेगळा वागतो. तो प्रश्न विचारतो, वही सोबत ठेवतो, फळ्यापाशी उभा न राहता मागच्या बाकावर बसतो. मोहाची फुलं कधी वेचतात, तेंदूपत्त्याच्या हंगामात घरात कोण राहतं, मोठी बहीण शाळेत का दिसत नाही, हे त्याला मुलांकडूनच कळतं.

या हंगामाच्या गोष्टीत सगळी मेख आहे, म्हणून थोडं थांबते. आपली शिबिरं डिसेंबर-जानेवारीत असतात कारण तेव्हा आपल्या परीक्षा झालेल्या असतात आणि गावात धान घरी आलेलं असतं. सगळ्यांना सोयीचं. पण मुलांची शाळा कधी बुडते? जुलै-ऑगस्टात, रोवणीला आई चिखलात असते आणि धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली ताई घरी राहते. परत कापणीला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मग मार्च-एप्रिलमध्ये मोह आणि मेमध्ये तेंदूपत्ता. म्हणजे मुलाला हात हवा असतो तेव्हा आपण सेमिस्टरमध्ये असतो, आणि आपण मोकळे असतो तेव्हा मूल तसंही शाळेत असतं. ते १२० तास खरे ठरवायचे असतील तर ते या दिवसांत टाकायला हवेत. पावसात, चिखलात, रील न निघणाऱ्या महिन्यांत.

थोड्या दिवसांचं कामही चांगलं होऊ शकतं, त्याचा पुरावा आहे. 'असर' अहवालाचं नाव ऐकलं असेलच, तिसरीच्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येतो का, वजाबाकी येते का, ते सांगणारा. २००५ पासून हे सर्वेक्षण होतं आणि करणारे बहुतांश स्थानिक स्वयंसेवक असतात : कॉलेजची मुलं, डाएटचे विद्यार्थी, संस्थांचे कार्यकर्ते. एका ग्रामीण जिल्ह्यात ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. आधी प्रशिक्षण, मग दोघांची जोडी एका गावात साधारण दोन दिवस. त्या दोन दिवसांत कोणी मुलाचा दादा-ताई होत नाही. अंगणात बसून एक परिच्छेद वाचायला देतात, काय जमलं ते लिहितात, आभार मानून निघतात. पण त्या कागदांवर देशभर धोरणाची चर्चा होते. काम छोटं, हद्द स्पष्ट, मुलाला कसलंही खोटं वचन नाही.

दुसरं काम आणखी कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते जिल्ह्यात आज सगळ्यात जास्त गरजेचं. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील, किंवा दोघंही गेलेल्या, किंवा आईवडील गंभीर आजारी असलेल्या अशा मुलांना संस्थेत न पाठवता घरीच, नातेवाइकांकडे वाढवता यावं म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आठवतं ना, आफ्रिकेतली ती आजी, जिला चार पैसे मिळाले असते तर? ते चार पैसे आपल्याकडे कागदावर मंजूर आहेत. आणि कागदच आडवे येतात. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचं बोनाफाइड, बँकेचं पासबुक, आणि आधारवरचं नाव शाळेतल्या नावाशी जुळत नाही हा कायमचा घोळ. जंगलाकडच्या गावातल्या म्हाताऱ्या आजीने हे सगळं गोळा करून जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात न्यायचं म्हणजे तीन-चार रोज्या बुडवायच्या. आपल्यातल्या कोणालाही हे येतं. आपण स्कॉलरशिपचे फॉर्म भरून भरून त्यात पीएचडी केली आहे! सात दिवसांच्या शिबिरात गावातल्या अशा घरांची यादी करून पाच मुलांचे अर्ज पूर्ण भरले, तर ते भिंतीवर काढलेल्या 'मुलगी शिकली प्रगती झाली'पेक्षा भारी काम आहे. फोटो मात्र येणार नाही. फॉर्मचा काय फोटो काढणार?

वाचनाचंही सांगते. शाळांना पुस्तकं भेट देणारे खूप असतात, आणि ती कपाटात कुलुपात राहतात कारण फाटली तर हिशेब द्यावा लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साइटवर मुलांच्या गोष्टी मोफत मिळतात, मराठीत तर आहेतच, गोंडीतही आहेत. त्यातल्या दहा गोष्टी छापून घ्या, गावातल्याच बारावी झालेल्या, गोंडी येणाऱ्या एखाद्या ताईला दर शनिवारी वाचून दाखवायला सांगा, आणि तिच्या कष्टाचे पैसे वर्गणी काढून द्या. मुलांसमोर उभी राहणारी ती असेल, जिला 'परत कधी' असं विचारावं लागत नाही, कारण तिचं घर शाळेमागेच आहे. आपण झेरॉक्सवाले. या कामाला ग्लॅमर नाही, हे मला माहीत आहे.

ज्यांना खरंच मुलांसोबत काम करायचं आहे, ज्यांना हे आतून वाटतं, त्यांच्यासाठी रस्ते आहेतच. टीच फॉर इंडियाची फेलोशिप दोन वर्षांची आहे, आणि दोन वर्षं का, हे आता वेगळं सांगायला नको. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'मधून २००६ पासून 'निर्माण' चालतं. तिथे आधी शिबिरांमधून तरुणाला स्वतःला तपासायला लावतात, आणि मग ज्याला जमेल तो कामाला लागतो. हेमलकसाची गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतोय. १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथले झाले. हेमलकसाला सहल काढून आलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी, की आपण जे पाहून भारावलो ते पन्नास वर्षांचं राहणं होतं.

पण प्रत्येकाने आयुष्य वाहून घ्यावं असं मी म्हणत नाही. मलाच ते जमणार नाही, मला नोकरी शोधायची आहे. बावीसाव्या वर्षी घरच्यांना पगाराची वाट असते, आणि गोंदियातून पुण्या-नागपूरला जायचं तिकीट काढून ठेवलेलं असतं. मागणी इतकीच आहे की जेवढा वेळ आहे तेवढ्याचंच वचन द्या. दोन दिवस असतील तर दोन दिवसांत पुरं होणारं काम घ्या. वर्ष असेल तर तेच गाव, तीच शाळा, तोच वार ठेवा. आणि बॅच बदलताना पुढच्या बॅचला हातात वही द्या : कोणत्या मुलाचा अर्ज कुठे अडकलाय, कोणाचं वाचन कुठपर्यंत आलंय, कोणाच्या आजीला मोतीबिंदू आहे. माणसं बदलली तरी वही तीच राहिली तर कॉलेज म्हणून आपण परत गेलो असं म्हणता येईल. आज आपल्याकडून पुढच्या बॅचला जातो तो बॅनर, आणि त्यावर नवीन साल चिकटवलेलं असतं.

या वर्षीच्या शिबिराचं गाव तुमच्या कॉलेजात अजून ठरलं नसेल तर आत्ताच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा आणि गेल्या वर्षीचंच गाव मागा. मिळालं तर शिबिराची वाट न बघता एकदा जाऊन या. सालेकसा, दरेकसा, अर्जुनीकडे रेल्वे आहे, देवरीकडे एसटी. मुख्याध्यापकांना भेटून कोणत्या वारी आलेलं त्यांना चालेल ते विचारा, स्वागतगीत नको हेही त्याच वेळी सांगा. आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते गोंदियातून निघायच्या आधी बघून ठेवा.